ऑक्टोपस वगळून

"माणसाच्या काळजात धाडस पेरायचं असेल तर ते सातव्या वर्षाच्या आत पेरावं लागतं, आणि त्यासाठी जुन्या साहसपटाइतकं कसदार बियाणं जगात दुसरं नाही."

हे वाक्य आजोबांनी उच्चारलं तेव्हा ते पलंगावर आडवे होते आणि आजी त्यांच्या घोट्याला मलम चोळत होती. न्हाणीघरात झुरळ निघालं म्हणून ते स्टुलावर चढले होते, आणि झुरळ गेल्याची खात्री करून उतरताना पाय मुरगळला होता.

"बियाणं म्हणे," आजी म्हणाली. "मागच्या खेपेला काय उगवलं, आठवतंय ना?"

मागच्या खेपेला आजोबांनी नातवंडांना सांगाड्यांचा सिनेमा दाखवला होता. थोरल्या नातवाला फारसं काही झालं नाही; तो दोन दिवस सांगाड्यासारखा चालला आणि मग विसरला. धाकटी नात, जिला सगळे टिकली म्हणत, ती मात्र महिनाभर न्हाणीघरात एकटी जाईना. दार उघडं ठेवून आत ती मोठमोठ्यानं गाणं म्हणायची, आणि बाहेरून आईनं साथ द्यायची. आई इस्पितळात नर्स. रात्रपाळी करून आलेली ती बाई दाराला टेकून, डोळे मिटून, बदकाचं गाणं म्हणत उभी असायची.

शेवटी तिनं आपल्या वडिलांना सांगून टाकलं होतं, "बाबा, आता एकच संधी. रविवारी माझी ड्यूटी असते म्हणून मुलं तुमच्याकडे येतात. पोरगी पुन्हा घाबरली तर पाळणाघरात ठेवीन. माझ्यात आता कडवं म्हणायचंसुद्धा त्राण नाही."

मग सिनेमा दाखवूच नये, हे कुणालाही सुचलं असतं. पण आजोबांना गोष्ट सांगता येत नसे, कंबरेमुळे घोडा होता येत नसे, आणि चित्र काढलं की मुलं 'हे काय आहे?' असं विचारत. उभा जन्म त्यांनी सिनेमे कापण्या-जोडण्यात घालवला होता. संकलक होते. आठवड्यातले सहा दिवस ते रविवारची वाट पाहत आणि सातव्या दिवशी त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच असे.

तेव्हा घोटा उशीवर ठेवून निवड सुरू झाली. पहिल्या सिनेमात वाळवंट छान होतं, पण उंट मरत होता. दुसऱ्यात जंगल छान होतं, पण आई मरत होती. "जुन्या साहसपटात आई लवकरच मरते," आजोबांनी समजावलं. "त्याशिवाय पोर घराबाहेर पडणार कसं? जेवून जा म्हणेल ना ती." तिसऱ्यातला खलनायक मुलांशी इतका गोड बोलत होता की आजी म्हणाली, "यापेक्षा सांगाडे बरे." चौथ्यात एक माणूस फुग्यात बसून जगभर फिरत होता आणि कुणालाही काहीही होत नव्हतं. तो निवडायचं जवळपास ठरलं होतं, पण शेवट पाहायला दोघांपैकी कुणी जागं राहिलं नाही.

शुक्रवारी डोळे चुरचुरत असताना पाचवा सापडला. जहाज, म्हातारा कप्तान, खलाशी, एक माकड. मारामारी नाही, मृत्यू नाही. फक्त मध्येच समुद्रातून एक ऑक्टोपस वर येत होता.

"ऑक्टोपस गेला की झाला कौटुंबिक चित्रपट," असं म्हणून आजोबा संगणकाशी बसले आणि त्यांनी ऑक्टोपस कापला. जिथे जिथे त्याचा एक हात जरी दिसत होता, तो तुकडा काढला. "बघ, सांधा दिसतोय का कुठे?"

"नाही हो," आजी म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते.

रविवारी दुपारी मुलं कोचावर बसली. माकडाला ती हसली. मग कप्तान समुद्राकडे वळला आणि त्याचे डोळे विस्फारले. खलाशी एकेक करून मागे सरकले. एकाच्या तोंडातली विडी गळून पडली. माकडानं तोंड झाकून घेतलं. कुणीतरी किंचाळलं. आणि लगेच स्वच्छ ऊन, शांत समुद्र, धापा टाकत फरशी पुसणारे खलाशी.

"आजोबा, तो जाड्या खलाशी कुठे गेला?" थोरल्यानं विचारलं. "मघाशी होता."

"असेल तिथेच."

"ते कशाला घाबरले?" टिकलीनं विचारलं.

"कशाला नाही. काही नव्हतंच तिथे."

टिकलीनं विचार केला. "काही नव्हतं, तर मग ते इथेपण असेल." तिनं पाय हळूच कोचावर ओढून घेतले.

आजोबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी भीतीचं कारण तेवढं सफाईनं काढलं होतं आणि भीती जशीच्या तशी ठेवली होती. धंद्यातल्या माणसाशिवाय हे कुणाला जमलं नसतं.

"झालं," आजी म्हणाली. "आता पाणी प्यायलासुद्धा सगळ्यांनी हात धरून जायचं."

लेक यायला फार वेळ नव्हता. आजोबांनी लंगडत जाऊन मूळ सिनेमा लावला आणि ऑक्टोपस उघडा केला. तो रबराचा होता. त्याचा एक हात शिवणीत उसवला होता आणि आतून कापूस डोकावत होता. मुलांनी त्याच्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

"याला टाके घालायला हवेत," टिकली म्हणाली. नर्सचीच पोर.

जाड्याही सापडला. तो घाबरून डोलकाठीवर चढून बसला होता. आजीनं आजोबांकडे पाहिलं. मग त्यांच्या घोट्याकडे.

जिन्यात लेकीच्या कानावर किंकाळी आली. "वाचवा! मेले, मेले!" ती दोन-दोन पायऱ्या चढत आली आणि दारातच पिशवी टाकली.

"बाबा, काही बोलू नका. ठरलं होतं आपलं."

"अगं, पण ऐकून तरी..."

"आई, पाण्यात उभी राहू नकोस!" टिकली टेबलाखालून ओरडली. तिच्या पायाला आजीची शाल गुंडाळलेली होती आणि शालीचं दुसरं टोक थोरला ओढत होता. "वर ये, ते ओढतंय!"

लेक पाहत राहिली. "वर म्हणजे कुठे?"

"इथे. बसायचं जहाजावर."

"बसायचं असतं का? मग येते." दिवसभर उभी असलेली ती बाई टेबलाखाली सरकली, टेबलाच्या पायाला पाठ टेकली आणि तिनं डोळे मिटले. "घाबरलीस का गं?"

"मी नाही. जाड्या घाबरला. मी टाके घालणारे."

लेकीनं पाय लांब सोडले. मग डोळे न उघडताच म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी जरा लवकर आणून सोडते यांना. चालेल?"

आजोबांनी घसा खाकरला. "चालेल म्हणजे काय! बालमन आणि साहस यांचा जो संबंध आज या घरात..."

"आजोबा," टेबलाखालून टिकलीचं डोकं बाहेर आलं, "तो टीव्ही बंद करा ना. आम्हाला आमचं ओरडणं ऐकू येत नाहीये."