जेटमध्ये अडकलेली हीर

कोकिळाबाईंच्या पत्राला मी दीड वर्ष उत्तर दिलं नाही. पत्र लहानसं होतं. ‘इंजिन चालतं का अजून? त्याचा आवाज ऐकावासा वाटतो. बोलावलंत तर दोन दिवस येईन.’

नागावात त्यांची नारळाची वाडी माझ्या वाडीला लागून होती. ती विकून त्या पालीला भाच्याकडे गेल्या, तेव्हा विहिरीवरचं छोटं पेट्रोल इंजिन माझ्या पडवीत ठेवून गेल्या. पूर्वी संध्याकाळी शिंपणं सुरू झालं, की मी कुंपणाशी जाई. वाचनालयात तीस वर्षं काढलेला माणूस मी. शांततेत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. इंजिनाच्या त्या आवाजात मात्र पुष्कळ बोलत असे. त्या विचारत, “काय म्हणालात?” मी म्हणे, “काही नाही.”

पत्र आलं तेव्हा इंजिन बंद होतं. आधी ते चालू करावं, मग कळवावं, असं ठरवलं. एक जुनं पुस्तक मिळवलं आणि कार्बोरेटर उघडला. खालच्या वाटीत शिळ्या पेट्रोलचा पिवळा, चिकट थर बसला होता, तो धुतला. पेट्रोल ज्यातून वर चढतं त्या पितळी जेटचं भोक केसाएवढं. त्यात तार घालू नये, भोक मोठं होतं, असं पुस्तकात बजावलं होतं. म्हणून मी झाडूतली हीर बारीक तासून घातली. पाच-सहा वेळा तरी सगळं खोलून पुन्हा पुन्हा साफ केलं असेल. इंजिन हूं की चूं करीना.

शेवटी काल रावजीला बोलावलं. गावातले पंप तोच दुरुस्त करतो. त्याने जेट उजेडाकडे धरला.

“नाना, यातून आरपार दिसतंय तुमाला?”

“दिसतं, असं वाटलं होतं.”

“वाटलं! हीर मोडून आत बसलीय. कोनी घातली?”

“तार घालू नये म्हणून मी...”

“तार न्हाय नि हीर पन न्हाय. पेट्रोलात भिजवून फुंकर मारायची. एवढी पुस्तकं वाचलीत, फुंकर न्हाय सापडली?” तो हसला. चिमट्याने ओढून पाहिलं, हीर निघेना. “नवा जेट अलिबागवरून आनतो. आठ दिवस जातील. घाई न्हाय ना?”

“नाही, घाई कसली,” मी म्हणालो.

तो गेल्यावर मला हायसं वाटलं. आठ दिवस मिळाले होते. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटू लागली. जेट बसला, की मी पाण्याच्या पाइपाची काळजी काढणार, पाइप झाला की आणखी कशाची. कोकिळाबाईंना आता चौऱ्याहत्तरावं लागलं असेल.

एरवी मी साधी चिठ्ठीही आधी कच्ची लिहितो. काल पेट्रोलच्या हातांनी सरळ पोस्टकार्डावरच लिहिलं: ‘इंजिन बंद आहे. साफ करता करता मीच बिघडवलं. तरी या. आवाज नसेल, त्यामुळे या खेपेला तुम्हाला ऐकू येईल असं बोलावं लागेल मला.’

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं. चपला घालून तसाच पोस्टापर्यंत गेलो आणि कार्ड पेटीत टाकलं, तेव्हा पत्त्यावरची शाई अजून पुरती वाळलेली नव्हती.