ऑगस्टातलं वाण

जावयाला अधिक महिन्यात वाण द्यायचं, यात प्रमोदिनीबाईंना तडजोड मान्य नव्हती. लंडनजवळच्या हॅरोत पस्तीस वर्षं काढली, हॉस्पिटलात लोकांची पोरं तपासता तपासता केस पिकले, पण रीत म्हणजे रीत. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, आणि २००४ साली तर तो श्रावणात आलेला. पण तेहतीस अनारसे आणि चांदीचं ताट घेऊन क्षितिज करणार काय? रीडिंग शहरात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या या मुलाला वेड एकच, पाण्याखाली जायचं. लेस्टरशायरमधल्या पाणी भरलेल्या जुन्या खाणीत कुडकुडत तो स्कूबा शिकला होता. म्हणून बाईंनी लेक-जावयासाठी थेट कॅरिबियनची ट्रिप बुक केली. वाण महिन्याच्या आत पोचायला हवं, म्हणून तारीख घेतली आठ ऑगस्ट.

दीड वर्षापूर्वी यजमान शशिधर गेले, त्यानंतर बाईंनी आपणहून केलेली ही पहिली गोष्ट. जावयाला फोन केला की विचारायच्या, "हवा कशी असते हो तिकडे?"

"एकदम मस्त, आई," क्षितिज सांगायचा. "पाणी अठ्ठावीस डिग्री. खाली तीस मीटरपर्यंत क्लिअर दिसतं. दुपारी एखादी सर, बस."

बाई हे सगळं मराठी मंडळात जसंच्या तसं ऐकवायच्या. तिथंच एकदा सुलक्षणानं, म्हणजे भूगोल शिकवून रिटायर झालेल्या मैत्रिणीनं, कपाळाला हात लावला. "ऑगस्टात कॅरिबियन? अगं, हरिकेन सीझन तो! जूनला सुरू होतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात ऐन भरात येतो."

दिलेलं वाण परत मागायचं, तेही जावयाकडून! जगात कुणी केलं नसेल. पण शाल्मली एकुलती एक लेक. तिला आणि या भल्या पोराला आपल्याच हातानं वादळात ढकलायचं? शनिवारी सकाळीच त्यांनी मेट्रोपॉलिटन लाइनची ट्यूब पकडली, वाटेत गाडी बदलून पॅडिंग्टन गाठलं आणि तिथून रेल्वेनं रीडिंग.

कोटही न काढता त्या किचनमध्ये उभ्या राहिल्या. "क्षितिज, मला माफ करा. ती ट्रिप कॅन्सल करा. मला वादळांचं माहीत नव्हतं हो."

क्षितिज खाली बघत चहा गाळत राहिला. शाल्मलीनं त्याच्याकडे पाहिलं. "टेल हर ना आता! आई, त्याला फर्स्ट डेपासून माहीत होतं. मला पण म्हणाला, सांगू नको. माझा काही चूक नाही."

"आणि ते अठ्ठावीस डिग्री?"

"ते खरं आहे, आई," क्षितिज पुटपुटला. "वादळ नसेल तेव्हा."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलात?"

क्षितिजनं गाळणं खाली ठेवलं. "बुकिंग केल्यावर तुम्ही फोन केलात ना, तेव्हा हसत होतात. बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा ऐकलं. मग मला नाही म्हणवेना. म्हटलं, जाऊन येऊ. वादळ आलंच तर हॉटेलात बसून राहू."

बाईंना हुंदका आला आणि त्याबरोबर संतापही. "गाढवा! माझ्या हसण्यापायी वादळात जाणार होतास? एक माणूस घालवून बसलेय मी. तुम्हा दोघांना काही झालं असतं तर मी कुणाकडे बघायचं रे? फेब्रुवारीत जा. तेव्हा नसतात वादळं. अधिक महिना गेला खड्ड्यात!"

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्या नारायणाचा कान सासूबाईंनी घट्ट पिरगाळला होता आणि डोळ्यांतलं पाणी गालांवर तसंच वाहू दिलं होतं.

"दुखतंय, आई," क्षितिज म्हणाला. पण त्यानं कान सोडवून घेतला नाही.