पळसाचं पाणी

न्हाणीमागच्या चुन्याच्या भिंतीवर सात लाल शिंतोडे होते. चार वाळून तपकिरी पडलेले, तीन ओले. भागीरथानं पुन्हा मोजले. सातच.

"पळसाचा रंग हाये तो," मागून तिचा नवरा चंद्रभान म्हणाला. "तूच पाजते अन् तूच भेते."

शहाऐंशीच्या त्या चैतात रोहण्यात बऱ्याच जणांना उन्हाळी लागली होती. लघवीची आग झाली की पळसाची वाळली फुलं रात्री भिजत घालायची आणि सकाळी ते केशरी पाणी प्यायचं, हा गावचा शिरस्ता. चंद्रभानची आग थांबली, लघवीची लाली थांबेना. दुखत नव्हतं, म्हणून तो बिडी ओढत निवांत होता. भागीरथाचा जीव थाऱ्यावर नव्हता. तव्यावर भाकर करपली तरी तिला वास आला नाही.

दुसऱ्या सकाळी तिनं त्याच मडक्यातलं, त्याच्याएवढंच पाणी पिऊन पाहिलं. दुपारी लघवी रोजच्यासारखी पिवळी. संध्याकाळीही पिवळीच.

"अवो, तेच पानी म्या बी पेलं. मायी काऊन लाल नाई?"

"तुह्या अंगात मुरलं असन."

"अन् तुमच्याच अंगात मुरत नाई? उद्या वर्ध्याले चाला."

"लोकाइले काय सांगू? लघवी दाखवाले गेलतो?"

"सोयरीक पाहाले गेलतो म्हना."

"कोनाची, मायी?" तो हसला. ती हसली नाही. त्याची बिडी हातातच विझली.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?"

"नाई जी."

"इतके दिवस का थांबलात?"

"दुखत नोहतं म्हनून."

डॉक्टर म्हणाले, "लघवीतून रक्त एकदाच आलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवायचं. आज नागपूरला जा. घरी जाऊन विचार करू नका."

नागपुरात चंद्रभानला आत नेलं. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून पाहणार होते. भागीरथा बाकावर बसली, उठली, दारापर्यंत गेली, परत आली. पदराचं टोक पिळून पिळून ओलं झालं. कोणी नाव पुकारलं की तिला आपलंच वाटे.

अखेर डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. मूत्राशयात गाठ दिसली होती. ती काढून तपासायला पाठवली. आठवड्यानं कागद आला: मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर कर्करोगाची गाठ, एकच. आकार दोन सेंटिमीटर. स्नायूपर्यंत पोचलेली नाही. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले.