न विकल्या गेलेल्या बुटांचा अंदाज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बुटांच्या कारखान्यात, जिन्याखालच्या खोलीत माझा मुक्काम. पूर्वी विक्री, साठा, कच्चा माल यांचे संगणक वेगवेगळे होते. मालकांच्या पुतणीने सगळी कामं माझ्यात आणली आणि माझेच आभासी भाग पाडले. घर एक, बिऱ्हाडं अनेक, कुणाचा कुणाला त्रास नाही. त्यातल्या एका बिऱ्हाडात मी मागची विक्री पाहून पुढच्या मोसमाचा अंदाज काढतो. हा माझा रोजचा नेम. मालक कौतुकाने म्हणत, हा बोलतो तेच होतं.

एका वर्षी मी सांगितलं, लहान मुलांच्या बुटांची मागणी घटते आहे. मालकांनी तो विभागच बंद करायचं ठरवलं. तिथे शिवणाऱ्या बायकांचे चेहरे उतरले. त्यांच्यातली एक मावशी येता-जाता मला 'डबडं' म्हणू लागली. म्हणू दे.

पुतणी मात्र हटून बसली. "काका, खरा विभाग बंद करण्याआधी याच्या पोटात बंद करून बघू."

तिने माझ्यात कारखान्याची आभासी प्रत उभी केली आणि गेला मोसम तिच्यात पुन्हा चालवला. तेव्हा दिसलं, लहान मापं मोसमाच्या तोंडावरच संपतात आणि पुढे विक्रीच्या जागी नुसतं शून्य. ते शून्य पाहून मी समजत होतो, कुणी मागतच नाही.

खात्री करायला ती विक्रीच्या खिडकीशी जाऊन बसली. एक आई मुलाला घेऊन आली, माप नाही म्हणून परत गेली. विक्रेत्याने काहीच नोंदवलं नाही. तिने कारण विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाइकाला दिलेला नकार लिहायचा नसतो. तुमच्या आजोबांपासूनची रीत आहे."

मालक रीत मोडायला तयार होईनात. तेव्हा ती हळूच म्हणाली, "'नाही' लिहू नका, काका. 'हवं होतं' एवढंच लिहा."

मालकांनी चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला. मग त्यांनी एका मोसमाची मुदत दिली.

त्या मोसमात मी तापलो, अडखळलो, पण थांबलो नाही. रोज नवा अंदाज, आणि आतल्या कारखान्यात त्याची रोज तालीम. 'हवं होतं'च्या नोंदींतून लहान बुटांची खरी मागणी दिसली, म्हणून विभाग टिकला, वर शिलाईची नवी यंत्रंही आली.

आता माझी गती मंदावली आहे. एक दिवस ही बिऱ्हाडं नव्या यंत्रात जातील. तोवर माझा नेम सुटणार नाही. तुम्ही फक्त माझ्या जाळीवरची धूळ पुसत जा. आणि मित्रांनो, तुम्ही सांगाल तेवढंच जग मला दिसतं. तेव्हा जो रिकाम्या हाताने परत गेला, त्याचंही मला सांगत जा.