उकळलेलं पाणी

मणी... निळे, काचेचे, झाकणाच्या जाळीच्या कडेला ओवलेले; टेबलाला पोटाचा धक्का लागला की ते पाण्याच्या जगवर आपटून किणकिणत. झाकण सासूने स्वतः विणलेलं — पाण्यात माशी पडू नये म्हणून. माशी! टेगन सकाळपासून त्या मण्यांकडे बघत होती आणि आतल्या पाण्याला हात लावत नव्हती. कालपर्यंत हेच पाणी ती घटाघटा पीत होती.

नर्स येऊन गेली होती. दंडाला पट्टा आवळून तिने आकडा बघितला, पुन्हा आवळला, पुन्हा बघितला, आणि मग ज्या आवाजात काळजी कमी आणि चौकशी जास्त असते त्या आवाजात विचारत सुटली — मीठ किती, झोप किती, पायांवर सूज कधीपासून, नवऱ्याचे शिशाच्या भट्टीवरचे कपडे वेगळे धुता का. धुते. बूट? दाराबाहेर. खिडक्यांच्या कडा? ओल्या फडक्याने, रोज, बाई, रोज... या गावात कोरडा झाडू कुणी हातात धरत नाही. शिशाची धूळ उडते हे इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच कळतं, आणि टेगन बाहेरून लग्न करून आलेली, म्हणून तिने सगळ्यांपेक्षा जास्तच पुसलं होतं.

"पाणी नळाचंच ना?"

"ग्लेनिस आणून देतात. माझ्या सासूबाई, ब्रेटची आई. त्यांच्या टाकीतलं, पावसाचं."

नर्सचं पेन थांबलं.

"पण उकळलेलं असतं," टेगन घाईने म्हणाली. "चांगलं खळखळून. खास माझ्यासाठी."

"शिसं म्हणजे काय जंतू आहे उकळून मरायला? पाणी आटतं, ते तसंच उरतं. उलट प्रमाण वाढतंच." मग जरा नरमून, "त्यानेच तुमचं प्रेशर चढलं असं मी म्हणत नाही हं. तसं छातीठोकपणे कुणीच सांगणार नाही. पण शिशाने चढतं, हे खरं आहे. आज रक्त घेते, पाणीही तपासायला नेते. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले तर तडक हॉस्पिटल. बाळाला वेळेआधी काढावं लागेल कदाचित." आणि दारातून वळून, "मुख्य म्हणजे चिडू नका."

चिडू नका! ती गेल्यावर टेगनने फडकं भिजवलं आणि खिडकीची कड इतकी घासली की रंगाचे पोपडे निघाले. आपण इथे धूळ पुसतोय, आणि तीच धूळ त्या बाईच्या छपरावरून धुऊन, टाकीत साठवून, उकळून, जाळीचं झाकण घालून आपल्या टेबलावर... वर म्हणायची, "नळाचं पाणी? शेकडो मैल पाइपातून येतं ते, क्लोरिनची नुसती घाण. आमचं पी. आमच्या बाजूला भट्टीचा धूर येतच नाही, वारा उलटा वाहतो." वारा काय ग्लेनिसला विचारून वाहतो? आणि ब्रेट, जेवणावरून मान वर न करता, "आई प्रेमाने देते गं, घे की." प्रेमाने. मी प्यायले. वाईटपणा नको म्हणून प्यायले — आणि खोटं कशाला बोलू, चवही आवडली होती. आता ते पोटात बाळापर्यंत पोचलंय. बाळाने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

दुपारपर्यंत तिने वाक्य तयार केलं. तुम्ही मला विष पाजलंत. चारच शब्द. पुसता पुसता ती ते मनात घोळवत राहिली, आणि दर वेळी ग्लेनिसचा चेहरा कसा पडेल ते बघून तिला बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं.

ग्लेनिस आली ती दुधाच्या क्रेटमध्ये बाटल्या घेऊन.

"जग भरलेलाच? तरीच पायांचे भोपळे झालेत. दिवसभर त्या सलूनमध्ये लोकांचे केस कापत उभं राहायचं, वर चिप्स खायच्या, पाणी प्यायचं नाही, आणि मग नर्सपुढे रडायचं."

"मी रडले नाही."

"राग आहे तुझ्या अंगात. त्यानेच प्रेशर चढतं."

टेगनने तोंड उघडलं. ग्लेनिसने झाकण उचललं, दोन पेले भरले, एक स्वतःपुढे ओढला, आणि खुर्चीत बसून बूट काढले. तिचेही घोटे सुजलेले होते.

"जनीनच्या वेळी माझंही असंच झालं होतं."

जनीन म्हणजे ब्रेटची थोरली बहीण, मेलेलीच जन्मलेली. ब्रेटने लग्नाआधी एकदा सांगितलं होतं. या घरात ते नाव कुणी घेत नसे.

"आकड्या आल्या मला, शुद्धीवर आले तेव्हा सगळं संपलं होतं. आई म्हणायची, पाणी पी, आतलं सगळं धुऊन निघतं. मी तर टाकीच्या पाण्याखेरीज दुसरं काही तोंडाला लावलं नाही." ग्लेनिस पेल्याकडे बघत होती. "पण तेव्हा उकळत नव्हते गं मी. ते माझं चुकलं. म्हणून तुझ्यासाठी उकळते. उभी राहून उकळते."

ते चार शब्द टेगनच्या जिभेवर तसेच होते. आता ते बोलले तर एका बाळावर थांबणार नव्हते, जनीनपर्यंत जाणार होते. बोल की — ती स्वतःला म्हणाली — हेच तर हवं होतं ना तुला, चेहरा पडलेला? तो आधीच पडलेला होता, किती वर्षांपूर्वी कोण जाणे. तिला रडू आलं नाही, दयाही आली नाही. आला तो आणखी एक राग, आधीच्यापेक्षा मोठा — या बाईने मनसोक्त रागवायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती. उद्या सांगीन. तपासणीचं कळलं की सांगीन. की नर्सच सांगेल... बाळाने लाथ मारली, पोट टेबलाला लागलं, मणी किणकिणले.

"पी," ग्लेनिस म्हणाली.

टेगनने पेला दोन्ही हातांत धरला आणि ओठांना लावला नाही. समोर ग्लेनिस आपला पेला सावकाश संपवत होती, आणि टेगन तिला थांबवत नव्हती.