सगळी गाणी एका आवाजात

सासूबाई राहायला आल्या आणि घरातल्या गाण्यांनी उच्छाद मांडला. गाणी बायकोनं जमवलेली, कुठून कुठून आणलेली, वर्षानुवर्षांची. एक इतकं हळू वाजे की सासूबाई स्पीकरवर ओणव्या होत, आणि तेवढ्यात पुढचं असं अंगावर येई की त्या दचकून कानातलं यंत्रच उपटून काढत.

"तुमच्या घरात गाणी ऐकायची म्हणजे मारामारीच आहे, जावईबापू," त्या म्हणत.

जावई लिफ्टचा मिस्त्री. लिफ्टचा तळ आणि मजल्याची फरशी यांत बोटभर फरक राहिला तरी त्या दिवशी त्याला अन्न गोड लागत नसे. एका रविवारी त्यानं कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम घातला. तो प्रत्येक गाणं मोजायचा आणि वाजवताना हळू असेल ते चढवायचा, मोठं असेल ते उतरवायचा. मूळ गाण्याला हात लावायचा नाही. स्क्रीनवर बरोबरची खूण केली की सगळी गाणी एका आवाजात, खूण काढली की पुन्हा जैसे थे. काम फत्ते झालं. बायको गेल्यापासून आपल्याला काहीतरी जमलं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

गाण्यांच्या त्या ढिगात बायकोचाही आवाज होता. ती शाळेत गाणं शिकवायची. मुलांना घरी सराव करता यावा म्हणून नव्या गाण्याची चाल फोनवर गाऊन ठेवायची. आजारपणातही तिनं ते सोडलं नाही. शेवटचं होतं ते एका खारीचं गाणं, जायच्या आदल्या आठवड्यातलं.

ते नेमकं सासूबाईंच्या हाती लागलं. जावई कामावरून आला तेव्हा त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"हे कधीचं?"

त्यानं सांगितलं.

"आदल्या आठवड्यातलं?" त्यांनी ते पुन्हा लावलं. खोली आवाजानं भरून गेली. मागं सारखी खरखर होती, पण ती सासूबाईंच्या कानांना कुठली कळायला! "हा मरायला टेकलेल्या बाईचा आवाज आहे? तुम्ही उपचार थांबवलेत. मला म्हणालात, तिच्यात काही उरलं नाही. एवढा आवाज होता माझ्या पोरीत, आणि तुम्ही हात टेकलेत? घाई झाली होती तुम्हाला!"

उपचार पुरे, असं बायकोच म्हणाली होती, त्याचा हात धरून. सासूबाई तेव्हा दूर, धाकट्या मुलाकडे होत्या. गुडघ्यांपायी प्रवास जमेना, आणि आल्या त्या सगळं आटोपल्यावरच. पोरच कंटाळली होती, हे कुठल्या आईला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून तो आजवर मुकाट्यानं बोलणी खात आला होता. पण 'घाई' त्याच्या वर्मी लागली. त्याचं डोकंच फिरलं. तो तरातरा कॉम्प्युटरपाशी गेला, खूण काढली आणि तेच गाणं पुन्हा लावलं.

सासूबाई वाट पाहत बसल्या.

"लावा ना."

"लागलंय."

त्यांनी यंत्र चाचपलं, कानात घट्ट बसवलं. मग उठून स्पीकरला कान लावला.

"बंद पडलंय वाटतं."

"नाही, आई. चालू आहे. तिचा आवाज एवढाच होता. मघाशी तुम्ही ऐकलात तो या कॉम्प्युटरनं चढवलेला."

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. राग कुठल्या कुठे गेला. एका म्हाताऱ्या बाईकडे लेकीचा आवाज तेवढा उरला होता, आणि तोही आपण काढून घेतला, याची त्याला लाज वाटली. खूण परत करायला त्यानं हात पुढे केला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "फोनवर तर माझ्याशी चांगली बोलायची की."

"फोन ओठांना चिकटवून धरायची. तुमच्याशी बोलायचं म्हणून सकाळपासून कुणाशी बोलायची नाही. आईला कळू देऊ नका म्हणायची."

सासूबाई परत येऊन खुर्चीत बसल्या. पदर तोंडाला लावून खूप वेळ रडल्या. त्यानं पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

"पुन्हा लावा," शेवटी त्या म्हणाल्या. "नाही, चढवू नका. होता तेवढाच राहू दे."

त्यानं लावलं. सासूबाई हात मांडीवर ठेवून स्पीकरकडे पाहत राहिल्या. त्याला सगळं ऐकू येत होतं. बायको एक ओळ गात होती, दम घेत होती, दुसरी गात होती. मधेच मुलांना सांगत होती, "इथं टाळी द्यायची हं." सासूबाईंचे हात मांडीवरच होते.

"संपलं की सांग रे मला," त्या म्हणाल्या.

गाणं संपलं. सासूबाई अजून कान देऊन बसल्या होत्या, आणि त्याला सांगवेना.