तीन बाह्यांचा स्वेटर

पार्सल उघडलं आणि सून खो खो हसत सुटली. "अहो आई, ह्याला तीन बाह्या आहेत!"

भूगोलाच्या बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. निवृत्त होऊन किती वर्षं लोटली, तरी सगळी गल्ली त्यांना भूगोलाच्या बाईच म्हणे. खरंच, स्वेटरचं अंग मोरपंखी, एक बाही लाल, एक पिवळी आणि पिवळीच्या खाली काखेशी लोंबणारी तिसरी, राखाडी. सोबत चित्रकलेच्या बाईंच्या ऐटदार अक्षरात चिठ्ठी: 'मापाचा आहे. तक्रार चालणार नाही.'

"मेली! अजून सुधारायचं नाव नाही," असं म्हणत त्याही हसल्या.

शाळेत मोकळ्या तासाला ह्या दोघी आणि गणिताच्या बाई, अशा तिघी खिडकीपाशी विणत बसायच्या. चित्रकलेच्या बाईंची वीण सैल, बोट आरपार जाईल अशी. गणिताच्या बाईंची इतकी घट्ट, की मुख्याध्यापक म्हणायचे, ह्यांच्या स्वेटरात वाराही परवानगी काढून शिरेल. मुलं गणिताच्या बाईंना फूटपट्टी म्हणत. भूगोलाच्या बाईंना पृथ्वी. हातातल्या गोलामुळे, आणि थोडं अंगामुळेही. तीच नावं मग तिघींनी आपसांत लावून घेतली.

पुढे बाकीच्या दोघी मुलांकडे, समुद्रापलीकडे एकाच शहरात राहायला गेल्या. यंदा पृथ्वीनं तिकडे जायचं ठरलं, तिकीटही निघालं. पण काही महिने झाले, फूटपट्टी फोनच घेईना. विचारलं की चित्रकलेच्या बाई म्हणत, "झोपलीय गं." माणसानं झोपावं तरी किती! भूगोलाच्या बाईंनी ते मनाला लावून घेतलं. जिला आपल्याशी बोलायचं नाही, तिच्या दारात कशाला जा? तिकीट रद्द कर, असं त्यांनी कालच मुलाला सांगून टाकलं होतं.

सून चहा टाकायला गेली. बाईंचा हात सवयीनं विणीवरून फिरला. लाल, पिवळी, दोन्ही सैल. राखाडी बाहीची मनगटाची पट्टी मात्र घट्ट, सुबक. ही फूटपट्टीच! पण पट्टीच्या वर टाके एकदम ढेपाळले होते. मध्येच एखादा सुटलेला. लोकर पुन्हा पुन्हा उसवून विणल्यासारखी नागमोडी झालेली. आणि कुणीही ते सावरून दिलेलं नव्हतं.

हसू मावळलं. त्यांनी सुनेला हाक मारली. "गणिताच्या बाईंना फोन लाव. व्हिडिओ नको, नुसता आवाजाचा."

बराच वेळ घंटा वाजली. मग कुणीतरी उचलला.

"फूटपट्टे, माणसाला हात किती असतात गं?"

पलीकडून जड जिभेनं, एकेक शब्द उचलून ठेवत आवाज आला, "तुझे दोन. माझा... एक."

"म्हणजे?"

"डावा गेला. अंगावरून... वारं गेलं. स्वेटर मी... मलाच विणत होते. एक बाही उरली. म्हटलं... पृथ्वीला लावू."

बाईंनी राखाडी बाही मांडीवर ओढली. "मग वीण पुरी कशी केलीस?"

"सुई काखेत धरून. ही चित्रकलावाली ओरडत होती, मी करते म्हणून. दिली नाही."

"आणि माझा फोन का घेत नव्हतीस?"

"तोंड वाकडं झालंय."

"सरळ होतं कधी?"

पलीकडून हसू फुटलं. ते लांबत गेलं, आणि कुठेतरी ते हसू राहिलं नाही. भूगोलाच्या बाई फोन कानाशी घट्ट धरून बसून राहिल्या. टेबलावरचा चहा गार झाला.

संध्याकाळी मुलगा दारातूनच म्हणाला, "आई, तिकिटाचं आजच करून टाकतो."

"रद्द नको करूस."

"अगं, कालच तर हट्ट धरला होतास!"

"काल मला काय माहीत होतं? त्याच्या आधीचं मिळतंय का बघ. तिला एक वाक्य बोलायला फार वेळ लागतो रे."